वाघ तोच होता का?

निवृत्त झाले तरी मंगळवार उजाडला की माझे पाय आपोआप चपला शोधतात. मूल गावातल्या घरात मी चहा टाकते, तो गार होईपर्यंत अंगणात दोन चकरा मारते, फाटकाशी जाते, परत येते. मुलगी ओरडते, "आई, बस ना एका जागी!" मी बसते. मग समोरच्या रस्त्यावरून सावली गावाकडे जाणारी एसटी दिसते आणि पुन्हा उठते. मंगळवारी आमची गाडी त्या बाजूला जायची.

आमची गाडी म्हणजे मानसिक आरोग्य पथकाची. चंद्रपूरहून निघायची. तिच्यात एक मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर, एक नर्स, औषधांचं खोकं आणि मी, समाजसेविका. जिल्ह्यातल्या आरोग्य केंद्रांत आम्ही ठरलेल्या वारी जायचो. त्यामागचा विचार अगदी साधा होता. मनाच्या दवाखान्याची पायरी कोणी आपणहून चढत नाही. तेव्हा जिथे ताप, बाळंतपण, साप चावलेला माणूस येतो, तिथेच मनाचंही बघायचं, आणि हळूहळू तिथल्याच डॉक्टर-सिस्टरनी ते बघायला शिकायचं. भाषणात याला मोठमोठे शब्द होते. प्रत्यक्षात एक टेबल आणि प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या होत्या. लसीकरणाचा डबा आला की टेबल सोडावं लागायचं, मग आम्ही व्हरांड्यात. तिथे शेजारी गरोदर बायांची रांग. त्या आमच्याकडे टक लावून बघायच्या आणि आमचे पेशंट त्यांच्या पाठीमागे लपायचे.

गावात गेलं की पहिला प्रश्न माझ्या आडनावावरून. मेश्राम गोंडांतही असतात, म्हणून गोंडाच्या घरची म्हातारी विचारायची, "किती देवाच्या तुमी?" त्यांच्यात देवांच्या संख्येवरून सोयरीक ठरते. मी म्हणायची, "आम्ही बौद्ध, आजी. एकाही देवाच्या नाही." म्हातारी बाज पुढे सरकवायची. मग म्हणायची, "मंग बसा. च्या घ्या."

गिऱ्हाइकंही नाना तऱ्हेची. एक म्हातारे पोलीस पाटील दर महिन्याला नेमाने यायचे ते आपल्याला काहीही झालेलं नाही हे सांगायला. बायको गेली, पोरं नागपूरला, जेवण एकदाच होतं, पण झालेलं काहीच नाही. मी म्हणायची, "बरं पाटील, पुढच्या महिन्यात या." ते यायचे.

पण आज सांगायची आहे ती सुगंधाची हकिगत. तिचं नाव मी बदललं आहे, आणि गावाचं सांगतच नाही. सावली तालुक्यात धानाची बांधी, म्हणजे भाताची खाचरं, संपून जंगल सुरू होतं, तिथलं ते गाव.

त्या आरोग्य केंद्रात कुमरे सिस्टर होत्या. मूळच्या गडचिरोलीकडच्या, माडियाही बोलायच्या आणि गोंडीही. एका मंगळवारी त्यांनी एका बाईला माझ्यासमोर आणून बसवलं. "मॅडम, ही दर आठवड्याले येते. छातीत धडधडते म्हणते. डॉक्टरनं ईसीजीची पट्टी काढली, रक्त पाह्यलं, काईच नाई. सलाईन लावली का बरं वाटते, घरी गेली का पुन्हा तेच. आमच्या इथले लोक आता म्हणाले लागले, नाटक करते म्हणून. तुमी पाहा एकदा."

बाई तिशीतली होती. हाडं दिसत होती. बरोबर सासू होती, भिवराबाई. काटक म्हातारी, आणि सुनेकडे बघतसुद्धा नव्हती.

"काय होतं?" मी विचारलं.

"ढोल वाजते," सुगंधा म्हणाली. "छातीत. मंग हातपाय थंडे पडते."

"केव्हापासून?"

ती खाली बघू लागली. उत्तर सासूने दिलं, "मोहापासून."

मला वाटलं, मोहाची फुलं पडायच्या हंगामापासून, म्हणजे चैत्रापासून. मी तसं लिहू लागले. तेवढ्यात कुमरे सिस्टरनी मला खुणेने बाहेर बोलावलं आणि व्हरांड्यात हलक्या आवाजात सगळं सांगितलं.

सुगंधा आणि तिची धाकटी जाऊ विमल भल्या पहाटे मोह वेचायला गेल्या होत्या. आमच्याकडे सगळेच जातात. उशीर केला तर फुलं जनावरं खातात. वाकून वेचणारी बाई वाघाला माणसासारखी दिसत नाही म्हणतात. त्याने विमलला उचललं. सुगंधा टोपली आपटत, ओरडत मागे धावली. गावातली माणसं काठ्या घेऊन पोचली तेव्हा ती एकटीच उभी होती आणि ओरडायची थांबत नव्हती. विमलला एक मुलगी, पायल, चौथीत जाणारी. पायलचा बाप बायकोच्या दुःखात तेलंगणात मिरची तोडायला गेला तो तिकडेच राहिला. सुगंधाला स्वतःचं मूल नाही. पायल तिच्याजवळ होती.

मी परत आत येऊन बसले. तिला विचारलं, "झोप लागते का? जेवण जातं का? ते डोळ्यांसमोर येतं का?" ती प्रत्येक वेळी मान हलवायची. आमच्या डॉक्टरांनी तिला तपासलं आणि गोळी सुरू केली. गुण यायला काही आठवडे लागतील, मध्ये बंद करू नको, असं बजावलं. म्हातारीने मधेच विचारलं, "पुजाऱ्याकडं नेऊ का नको?" पुजारी म्हणजे गावचा जाणता, झाडपाला आणि देवाचं करणारा. तो म्हणाला होता की विमलचा जीव अजून घरी आला नाही. मी म्हटलं, "न्या ना. गोळी तेवढी चालू ठेवा." नोकरीच्या सुरुवातीला मी पुजाऱ्यांशी भांडायची. पुढे कळलं, मी गाडीत बसून जाते आणि तो गावात राहतो.

पावसाळ्यात गावच्या आशा कार्यकर्त्या वंदनाताई माझी वाट बघत केंद्रात बसलेल्या दिसल्या. "मॅडम, सुगंधा पोरीले कोंडून ठेवते. शाळा उघडल्यापासून पोरगी एक दिवस गेली नाई. गुरुजी दोनदा येऊन गेले. आता तिच्या बापाले फोन केला कोणीतरी. थो म्हणते, दिवाळीनंतर येतो आन् पोरीले घेऊन जातो, बहिणीच्या घरी ठेवतो."

आम्ही त्यांच्या घरी गेलो. सुगंधा ओट्यावर बसली होती, मांडीवर काठी. मागे दाराला बाहेरून कडी. आतून पायल पाढे म्हणत होती, मोठमोठ्याने, बहुधा कोणी ऐकावं म्हणून.

"शाळा किती लांब आहे गं?" मी विचारलं.

"थे काय, पिपळापाशी," तिने हाताने दाखवलं. "मधात नाला हाये. नाल्यात झुडपं हायेत."

मी बघितलं. नाला होता. कमरेएवढी झुडपं होती. आणि वंदनाताईंनी येताना सांगितलं होतं की त्याच आठवड्यात नाल्याच्या ओल्या वाळूत पंजे दिसले होते.

आता हिला काय सांगायचं? आमच्या प्रशिक्षणात शिकवलं होतं, भीती आणि वस्तुस्थिती यांतला फरक पेशंटला दाखवायचा. अंधाराला भिणाऱ्याला दिवा दाखवायचा, गर्दीला भिणाऱ्याला हात धरून बाजारात न्यायचं. हिची भीती ओल्या वाळूत पंजा उमटवून गेली होती. मी त्या ओट्यावर बसले, उठले, पुन्हा बसले. शेवटी एवढंच म्हणाले, "पोरीला उजेड लागतो गं. घरात वाघ येत नाही, पण पोरगी आत सुकते."

"सुकू दे," ती म्हणाली. "जित्ती हाये ना?"

मी उठून निघाले. परतीच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना सागाची दाट पानं होती आणि मी गाडीची काच वर करून घेतली. आपण काच वर केली हे माझं मलाच जाणवलं.

गोळीने मात्र थोडा गुण दिला. पोळ्याच्या सुमारास ती रात्रीची झोपू लागली, दोन घास जास्त खाऊ लागली. दाराची कडी दुपारी उघडी राहू लागली. आणि तेव्हाच औषधं संपली. पुरवठा उशिरा होता. गाडीही दुसऱ्या कुठल्या मोहिमेला दिलेली. एक फेरी चुकली, दुसरी चुकली. या कामात हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त सतावते. तापाची गोळी संपली तर माणूस खासगीत जाऊन आणतो. ही गोळी गावातल्या कुठल्या दुकानात मिळणार? कुमरे सिस्टरनी फोन केला, "मॅडम, पुन्हा ढोल वाजून राह्यला. कडी पुन्हा लागली." मी चंद्रपूरच्या औषधभांडारात जाऊन बसले. उद्या या म्हणाले. दुसऱ्या दिवशीही जाऊन बसले. मिळाल्या त्या गोळ्या पर्समध्ये घातल्या आणि एसटीने सावली, तिथून मिळेल त्या गाडीने गाव. पायलचा बाप यायला दोनच आठवडे उरले होते.

मी पोचले तर गावात वेगळीच धामधूम. वनखात्याच्या लोकांनी आदल्या दिवशी पलीकडच्या नाल्यात एक वाघ बेशुद्ध करून पकडला होता. पोरं मोबाइलवर पिंजऱ्याचे फोटो दाखवत हिंडत होती. सुगंधाचा नवरा वासुदेव, अगदी कमी बोलणारा माणूस, मला बघताच धावत आला. "मॅडम, सापडला! तुमी सांगा तिले, थोच व्हय म्हणून. आमचं ऐकत नाई. तुमचं ऐकते. एकदा तिच्या मनात बसलं का झालं."

भिवराबाईही तेच म्हणाली. वंदनाताईंनीही मान हलवली. सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे. एक शब्द बोलायचा होता. तो बोलले असते तर कदाचित त्याच संध्याकाळी कडी निघाली असती, बाप आला तेव्हा पोरगी शाळेत दिसली असती.

सुगंधा ओट्यावर होती. मी तिच्याजवळ बसले. तिने सरळ विचारलं, "बाई, थोच होता का?"

"मला माहीत नाही, सुगंधा," मी म्हणाले. "कोणालाच माहीत नाही. असेलही, नसेलही."

वासुदेवने कपाळावर हात मारला. म्हातारी पुटपुटत आत गेली. सुगंधा माझ्याकडे बघत राहिली. इतक्या महिन्यांत तिने माझ्या डोळ्यांकडे असं बघितलं नव्हतं.

"सकाळपासून समदे हो म्हणून राह्यले," ती म्हणाली. "अर्ध्या लोकायनं त्याले पाह्यलंबी नाई." मग तिने नवऱ्याला पाणी आणायला पाठवलं. तो गेल्यावर म्हणाली, "मले वाघाचा भेव हाये, बाई. पण ढोल त्याचा नाई."

आणि तिने सांगितलं. मोहाची झाडं वाटलेली असतात, हे झाड या घरचं, ते त्या घरचं. एकाच घरात दोन सुना असल्या तर त्यांच्यातही वाटलेली. त्या पहाटे विमल तिच्याजवळ आली. म्हणाली, वहिनी, तुझं झाड जास्त झडून राह्यलं, आज मी इथी वेचतो, तू माझ्या झाडाखाली जाय. विमलचं झाड वाटेजवळ होतं. लवकर आटपेल, घरी जाऊन रांधता येईल, म्हणून सुगंधा हो म्हणाली. बदलली जागा.

"थे माझ्या झाडाखाली बसली व्हती. माझ्या जाग्यावर. थो मले न्याले आलता." ती छातीवर मूठ मारत होती, हळूहळू. "आन् मी तिची पोरगी घेऊन बसली हावो."

"हे घरात कोणाला सांगितलंस?"

"कोणाले सांगू? सासू तसंबी तोंड पाहत नाई. हे समजलं तर एक दिवस ठेवन का घरात?"

खरं सांगते, मी घाबरले. पुस्तकात असं लिहिलेलं असतं की बोलल्याने मन हलकं होतं. पण ज्या घरात राहायचं आहे त्याच घरात बोलायचं, हे पुस्तक लिहिणाऱ्याला करावं लागत नाही. बाप येणार होता. म्हातारीने एक शब्द टाकला असता तर पोरगी गेली असती आणि तिच्यामागे सुगंधाही कुठे गेली असती ते मला दिसत होतं. मी म्हटलं, "थांब. पुढच्या वेळी डॉक्टर येतील, त्यांच्यासमोर बोलू. हवं तर मी बोलते सासूशी."

"नाई," ती उठली. "आता बोलली तं बोलली. मीच सांगतो."

भिवराबाई मागच्या अंगणात सुपात तांदूळ पाखडत होती. मी दारातच थांबले. माझे पाय एका जागी ठरत नव्हते. सुगंधा तिच्यासमोर उकिडवी बसली आणि जे मला सांगितलं होतं ते तसंच, त्याच शब्दांत सांगितलं. झाड बदललं. विमल माझ्या जाग्यावर होती.

सूप थांबलं. म्हातारीने ते खाली ठेवलं. तांदळातला खडा निवडल्यासारखं करत राहिली. मला वाटलं, आता शिवी येईल. मी एक पाऊल पुढे टाकलं.

"त्या झाडाखाली तिले मी धाडली व्हती," म्हातारी म्हणाली.

सुगंधाला कळलं नाही. मलाही नाही.

"मीच म्हणली तिले. चूल फुकता फुकता. मोठीचं झाड जास्त झडते, आज तू जाय तिथी, तिले सांग जागा बदलाले. थे नाई म्हणत व्हती. मीच धाडली." ती सुनेकडे बघत नव्हती, तांदळाकडेच बघत होती. "तुयं तोंड पाह्यलं का मले थेच याद येते. म्हणून नाई पाहत."

मोहापासून त्या घरात दोघी जणी एका चुलीवर रांधत होत्या आणि एकच गोष्ट दोन बाजूंनी लपवत होत्या. एकीला आम्ही गोळी दिली होती. दुसरीला कोणी विचारलंच नव्हतं, कारण ती पेशंटबरोबर आलेली म्हातारी होती.

त्या दोघी रडल्या नाहीत. सुगंधाने सूप उचललं आणि उरलेले तांदूळ पाखडू लागली. म्हातारी खडे निवडू लागली. मी दारातून मागे फिरले. वासुदेव पाण्याचा तांब्या घेऊन ओट्यावर उभा होता. मी तो सगळा प्यायले.

पायलचा बाप आला. सुगंधा त्याला म्हणाली, पोरगी शाळेत जाईल, पण मी नेईन आणि मीच आणीन. भिवराबाई लेकाला म्हणाली, पोरगी इथेच राहील. तो चार दिवस राहून, पोरीला फ्रॉक घेऊन देऊन पुन्हा तेलंगणात गेला. मनातून त्यालाही तेच हवं असावं.

दुसऱ्या सोमवारी पाच-सहा बाया डबे वाजवत पोरींना घेऊन नाला ओलांडून गेल्या. बाकीच्या परतल्या. सुगंधा शाळेच्या व्हरांड्यात बसून राहिली. सुटीपर्यंत. दुसऱ्या दिवशीही. गुरुजी वैतागले. वंदनाताईंना म्हणाले, ही बाई खिडकीतून वर्गात डोकावते, पोरं हसतात. वंदनाताईंनी डोकं चालवलं. शाळेत खिचडी शिजवणारी बाई बाळंतपणाला गेली होती. सुगंधाला तिच्या जागी लावून घेतलं. ती पुढे तिथेच राहिली. खिचडीच्या चुलीपासून चौथीचा वर्ग समोर दिसतो.

याला बरं होणं म्हणायचं का? आमच्या डॉक्टरांना मी विचारलं होतं. ते म्हणाले, झोपते, जेवते, काम करते, पोरगी शिकते, आणखी काय हवं? बरोबरच आहे. पण सुगंधा जंगलात पुन्हा गेली नाही. तिचं मोहाचं झाड आता शेजारचे वेचतात. आणि पुढच्या उन्हाळ्यात, तो पिंजऱ्यातला वाघ गेल्यानंतर, आणखी एका गावात एका माणसाला वाघाने नेलं. वेगळा असेल, तोच सुटला असेही लोक म्हणाले. ते ऐकून तिचा ढोल पुन्हा सुरू झाला. मात्र यावेळी ती एकटी आरोग्य केंद्रात आली आणि सलाईन मागितली नाही. म्हणाली, "कुमरे सिस्टर कुठी हाये? तिच्याशी बोलाचं हाये." आमची गाडी त्या दिवशी नव्हती. सिस्टर बोलल्या तिच्याशी. गोळी वाढवायची का ते फोनवर डॉक्टरांना विचारलं. मला हे आठवड्याने कळलं. आनंद झाला, आणि थोडं वाईटही वाटलं. इतकी वर्षं ज्याच्यासाठी धडपडलो ते झालं होतं, आणि ते माझ्याशिवाय झालं होतं.

अजूनही मला बसवत नाही ते त्यामुळेच. मी गेले त्या गावातल्या एका घराची गोष्ट मला माहीत आहे. त्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना किती गावं आहेत, आणि मोहापासून, धानाच्या रोवणीपासून, कुणाच्या तरी जाण्यापासून किती जणी गप्प आहेत, हे कोण मोजणार? वाघाने नेलेल्याची सरकारी मदत घरी पोचते. जे मागे उरतात ते रक्त तपासून, पट्टी काढून, काहीच नाही म्हणून घरी परततात.

नोकरीच्या शेवटच्या महिन्यात मी त्या केंद्रात गेले होते. निरोपाचा चहा झाला होता. कुमरे सिस्टर टेबलाशी आणि मी त्यांच्या बाजूला, पाहुणीसारखी. रांगेत भिवराबाई दिसली. एकटीच आली होती, ऑटोत बसून. रांगेतल्या बायांना मोठ्याने सांगत होती, "गुडघे दुखते व माय. गुडघ्याची गोळी न्याले आली." बाया हो हो म्हणाल्या. गुडघे सगळ्यांचेच दुखतात. गुडघ्यांसाठी दवाखान्यात यायला कोणाला लाज नाही.

तिचा नंबर आला. सिस्टरनी गुडघे दाबून बघितले, वजन केलं, गोळ्या काढल्या. "आणखी काही, आजी?"

भिवराबाईने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा बाहेरच्या रांगेकडे. मग उठली, त्या दुखऱ्या गुडघ्यांनी दोन पावलं चालली, खोलीचा हिरवा पडदा स्वतःच्या हाताने ओढून घेतला आणि परत येऊन स्टुलावर बसली.